इशेनकुल दाजींचं विटकरी जॅकेट

दाजी किटलीतलं पाणी जॅकेटच्या खांद्यावर ओतत होते आणि दुकानदार युसुर कपाळाला हात लावून बघत होता.

"अहो भाऊ, ते अजून माझं आहे," युसुर म्हणाला.

"म्हणून तर ओततोय," दाजी म्हणाले. "माझं झाल्यावर गळलं तर रडू कुणाकडे?"

नारीनच्या बाजारात पत्र्याच्या कंटेनरांची रांग आहे, त्यातलं शेवटचं दुकान युसुरचं. सप्टेंबर संपत आला होता. मी दारात बाकीची जॅकेटं दोन्ही हातांवर टाकून खुंटीसारखी उभी होते. दाजींनी पाणी ओतून मनात शंभर मोजले, मग आत हात घातला आणि पोराचा ताप बघावा तसा पालथा हात अस्तराला लावला. ओलं होतं. त्यांनी ते जॅकेट घडी करून परत ठेवलं. युसुर पुटपुटला की आता हे मी कुणाच्या गळ्यात मारू.

दुसरं चकचकीत होतं, हलकं, थेंब टपाटप घसरून जात होते. युसुर खूश झाला. दाजींनी डोळे मिटले आणि बाही कानाशी नेऊन घासली. चिप्सची पिशवी फोडल्यासारखा आवाज आला. "रानबोकड मला बघायच्या आधी हसेल," ते म्हणाले. तिसऱ्याची चेन बारीक होती. दाजींनी खिशातून लोकरीचे जाड हातमोजे काढले, घातले आणि चेन ओढून बघितली. जमेना. पुन्हा ओढली. जमेना. मी हसणार होते, पण त्यांचा चेहरा बघितला. ते मिर्झाचा विचार करत होते.

मिर्झा आमच्याच गावचा. आदल्या वर्षी ऑक्टोबरात तो वर गेला, सकाळी ऊन होतं म्हणून शर्टावर तसलंच चकचकीत जॅकेट घालून. चढताना घाम आला, तो आतच राहिला. दुपारी पाऊस, संध्याकाळी बर्फ. आमच्याकडे डोंगरात एका दिवसात तीन ऋतू होतात, त्यात कुणाला नवल नाही. तिसऱ्या दिवशी त्याला खाली आणलं. आणणाऱ्यांत दाजी होते. घोड्यावरून उतरवताना मिर्झाच्या जॅकेटची बाही काचेसारखी कडकन मोडली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आणि चेन पोटापर्यंत उघडी होती. बोटं थिजली होती, त्याला ती लावताच आली नसणार.

तेव्हापासून दाजींना शिकारीची भीती बसली होती. ते कबूल करायचे नाहीत. पण मी त्या घरात सहा वर्षं राहत होते, मला कळायचं. बंदूक साफ करताना हात थांबायचा. आभाळ आलं की दारात जाऊन उभे राहायचे. तरी जायचं होतंच. परवाना वर्षातून एका रानबोकडाचा मिळतो आणि त्या मांसावर आमचा अर्धा हिवाळा निघतो. दाजींच्या बायकोला, म्हणजे माझ्या बुरुलचाताईला, तेव्हा पाचवा महिना होता.

चौथं जॅकेट युसुरने खालच्या गठ्ठ्यातून काढलं. जड. बाहेरून मेण चोळलेलं जाड कॅनव्हास, आतून लोकर, कोपरांवर चामडं, मागे खोगिरावर बसता यावं म्हणून चीर, कॉलर कानांपर्यंत. चेन नाहीच, बोटाएवढी लाकडी बटणं. पाणी ओतलं, शंभर मोजले, आत कोरडं. कानाशी घासलं, आवाज नाही. बंदूक धरल्यासारखे हात वर केले, मागे पाठ उघडी पडली नाही. हातमोजे घालून पाचही बटणं लावली. सोडली. डोळे मिटून पुन्हा लावली.

रंग मात्र विटकरी. भाजलेल्या विटेसारखा.

"दाजी, हा रंग लग्नात घालतात," मी म्हणाले.

"तुझ्याच लग्नात घालतो. होऊ दे एकदाचं."

"माझ्या लग्नात तुम्हाला बोलावलं तर ना."

"नवऱ्याला तरी बोलाव म्हणजे झालं," ते म्हणाले आणि जॅकेट घेतलं. एका मेंढ्याची किंमत गेली. परतीच्या गाडीत ते मांडीवर धरून बसले होते. मी खिडकीतून बघत विचार करत होते की शिकाऱ्यांचा नेहमीचा राखाडी सोडून हा रंग का घेतला असेल. डोक्यात एकच उत्तर आलं, आणि ते मला इतकं बरोबर वाटलं की मी विचारलंसुद्धा नाही. किझिल-झारची दरी. तिथले कडे लाल आहेत, खालपासून वरपर्यंत. विटकरी माणूस तिथे दगडात विरून जाईल.

दाजींबद्दल सांगायचं तर ते काही मोठे शिकारी नव्हते. गावच्या शाळेचा बॉयलर पेटवायचं काम त्यांचं, ऑक्टोबर ते एप्रिल. हाताच्या रेघांत कोळसा कायमचा. मी नववीत शाळा सोडली तेव्हा सगळं गाव मला शहाणपण शिकवायला घरी आलं. दाजी तेवढे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बॉयलरवर नेलं, फावडं हातात दिलं आणि म्हणाले, शाळेत यायचं तर इकडच्या दाराने ये. आईवडील गेल्यावर मला कोण घेणार यावर नातेवाईक तीन दिवस चहा पीत बसले होते, तेव्हा याच माणसाने माझी वळकटी उचलून घोड्यावर टाकली होती. कुत्र्यांना घाबरायचे. जेवताना शिंका यायच्या. पाच गोळ्यांतली एक लागायची. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी आजही भांडते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते निघाले. पहाटे ताईने खिशात तळलेल्या कणकेचे बोर्सोक आणि कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या भरल्या. कुठे जाताय हे तिने विचारलं नाही. मीही नाही. आमच्याकडे शिकाऱ्याला ते विचारत नाहीत. विचारलं की डोंगराला ऐकू जातं, जनावर दुसरीकडे सरकतं, आणि शिकारी रिकामा येतो किंवा येतच नाही. केव्हा येणार हेही विचारायचं नाही. बायकोने तर मुळीच नाही. ताई अंगणाकडे पाठ करून चूल फुंकत बसली. घोड्याच्या टापा पुलावरून जाईपर्यंत तिने मान वळवली नाही.

त्या दिवशी ऊन होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ आलं आणि तासाभरात पावसाचा बर्फ झाला. ताई म्हणाली, "ते उतरायला लागले असतील." मी म्हणाले, हो. दिवस बुडेपर्यंत आम्ही हेच एकमेकींना चार वेळा सांगितलं. त्या रात्रीचं मी सांगत नाही.

सकाळी बर्फ थांबला होता. गुडघ्याएवढा पडला होता आणि पश्चिमेला आणखी एक काळी पट्टी दिसत होती. शेजारचे बोरुबाय आबा आले, सत्तरीचे, आणि त्यांचे दोन मुलगे. चार घोडे झाले. आबांनी ताईला विचारलं, "कुठे गेलाय?"

ताईने मान हलवली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती सारखा हात पोटावर ठेवत होती.

आबा म्हणाले की इशेनकुल दरवर्षी कारा-सायला जातो, तिकडेच जाऊ. नदीपाशी वाट फुटते, डावीकडे कारा-साय, उजवीकडे किझिल-झार. मी म्हणाले, किझिल-झार. थोरला मुलगा म्हणाला, "तुला सांगून गेला का?" मी म्हणाले, सांगितलं नाही, पण त्यांनी विटकरी जॅकेट घेतलंय, कारा-सायच्या काळ्या दगडावर विटकरी रंग घालून कोण जाईल, ते लाल कड्यांसाठीच घेतलंय.

"जॅकेट बघून दरी सांगायला लागली ही," धाकटा म्हणाला. "टोपी बघून पाऊस पण सांग."

मी त्याच्यावर ओरडले. मग आबांना म्हणाले की दोन दोन जण वाटून जाऊ. आबा म्हणाले नाही. मिर्झाच्या वेळी असंच वाटून गेले होते, ज्यांना तो सापडला ते दोघंच होते, त्यांना कड्यावरून त्याला उतरवता आलं नाही. आणि दुपारी पुन्हा बर्फ येणार. एकच दरी बघता येईल, चौघांनी, एकदाच. हे ते हळू आवाजात बोलले, ताई दारात होती म्हणून.

"तुला खात्री आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणाले. मोठ्याने म्हणाले. आबांनी घोडा वळवला.

नदीपर्यंत मला काही वाटलं नाही. वाट फुटली, आम्ही उजवीकडे वळलो आणि मी मागे वळून बघितलं. डावीकडे बर्फावर एकही खूण नव्हती, उजवीकडेही नव्हती. सगळं रात्रीत पुसलं गेलं होतं. आता जर ते कारा-सायला असतील तर मी चार घोडे त्यांच्यापासून लांब नेत होते. प्रत्येक पावलाला हाच विचार. घोडा बर्फात पाय टाकायचा, भचक, आणि मला वाटायचं, अजून एक पाऊल लांब. मागे वळा म्हणावं असं तोंडात आलं. पण मागे वळलो असतो तर दोन्हीकडचं गेलं असतं. दात इतके आवळले होते की कान दुखायला लागले.

दरीच्या तोंडाशी घोडा नव्हता. शिकारी घोडा खाली सोडतो, पायबंद घालून, आणि वर पायी जातो. धाकटा म्हणाला, "घोडा कुठाय?" आम्ही आत गेलो. लाल कडे दोन्ही बाजूंनी वर चढत गेले, त्यांच्या कंगोऱ्यांवर बर्फ बसला होता. मी हाका मारायला लागले तर आबांनी हात धरला. वरचा बर्फ ताजा होता, आवाजाने सुटला असता. म्हणजे हाकही मारायची नाही. नुसतं बघायचं. आणि बघायचं काय, तर विटेच्या रंगाचा माणूस विटेच्या रंगाच्या डोंगरात. मीच म्हणाले होते की ते यात विरून जातील. प्रत्येक दगड दाजी दिसत होता. एका दगडाला मी खांदे आहेत असं समजून घोड्यावरून उडी मारली आणि कमरेपर्यंत बर्फात गेले.

दुसऱ्या वळणावर घोडा सापडला. जिवंत होता, कड्याच्या आडोशाला उभा, पायबंद तसाच, शेपटीला बर्फाचे लोलक. तो फुरफुरला नाही, मान खाली घालून थरथरत होता. मी त्याच्या मानेला मिठी मारली. दाजी याच दरीत होते. मला रडू आलं, पण आबांनी आभाळाकडे बोट केलं. काळी पट्टी डोक्यावर येत होती.

पुढे घसरड्या खडीचा उतार होता. वरून दगड सुटलेले ताज्या बर्फातही कळत होते, खाली त्यांचा ढीग झाला होता. आम्ही घोडे सोडले आणि हातापायांवर चढलो. पाय ठेवला की दहा दगड खाली. धाकटा आता चेष्टा करत नव्हता, माझ्या मागे राहून माझ्या टाचेखाली हात देत होता.

ढिगाच्या वर एक कपार होती आणि कपारीत जॅकेट होतं.

नुसतं जॅकेट. बसल्यासारखं, भिंतीला टेकून, बटणं वरपर्यंत लावलेली, कॉलर उभी. दोन्ही बाह्या रिकाम्या, दोन्ही बाजूंना बर्फावर सपाट पडलेल्या. वर डोकं नव्हतं.

मी तिथेच थांबले. पुढे जाता येईना. लांडगे, असं मनात आलं, आणि मग काहीच आलं नाही, नुसतं कानात घूं होत राहिलं. मागून आबांचा श्वास ऐकू येत होता. तेही थांबले होते. थोरल्याने टोपी काढली.

मग जॅकेट बोललं.

"बेर्मेत, आलीच आहेस तर खडी पाडू नकोस. पायावर पडते."

आवाज घोगरा, कॉलरच्या आतून. दाजींनी हात बाह्यांतून आत ओढून छातीशी घेतले होते, डोकं कासवासारखं कॉलरच्या आत, आणि आतल्या आत स्वतःला मिठी मारून बसले होते. डावा पाय गुडघ्याखाली दगडाखाली अडकला होता, मोडला होता. आदल्या दुपारी खडी सुटली तेव्हापासून तसेच. जॅकेट बाहेरून फळीसारखं कडक झालं होतं, मी टकटक केलं तर दार वाजावं तसं वाजलं. बटणांमधून मी आत हात घातला. लोकर दमट होती, पण गरम होती. माझा हात मीच काढेना.

"अगं, बाईचा हात आहे तो, तुझी ताई बघेल," दाजी म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. त्यांच्या डोळ्यांत मात्र गंमत नव्हती. मी त्यांना इतकं घाबरलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि मलाही त्यांनी नसेल.

दगड काढायला तिघं लागले. उतरवायला चौघं. आबा बरोबर बोलले होते, दोघांना जमलं नसतं. दोन बंदुका आणि खोगिराचे पट्टे बांधून झोळी केली, त्यात त्यांना घातलं. पाय हलला की ते जॅकेटची कॉलर दातांत धरायचे. नदीपाशी आलो तेव्हा बर्फ सुरू झाला, समोरचा घोडा दिसेना. कारा-सायचं तोंड आम्हाला दिसलंच नाही.

ताई पुलावर उभी होती. तिने काही विचारलं नाही, झोळीबरोबर चालत राहिली, एक हात जॅकेटच्या रिकाम्या बाहीला धरून. दाजींचा हात अजून आतच होता, पण तिने बाहीच धरली होती.

पाय जुळला, थोडा तिरका. बॉयलरवर ते आजही जातात, फावडं मी मारते. शिकार त्यांनी सोडली नाही, पण आता आम्ही विचारतो कुठे जाताय म्हणून. पहिल्यांदा ताईने विचारलं तेव्हा दाजींचा चेहरा पडला, जणू कुणी शिवी दिली. तरी सांगितलं. ते जॅकेट अजून वापरतात, कोपरांवरचं चामडं मी दोनदा बदललंय.

त्या हिवाळ्यात गावात माझं नाव झालं. जॅकेट बघून दरी ओळखणारी म्हणून. मी नाही नाही म्हणायचे आणि आवडायचं. धाकट्याने माझी माफी मागितली.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात एक लग्न होतं. तिथे तुर्गुनबाय नावाचा एक मेंढपाळ दाजींच्या तिरक्या पायाची हकीकत ऐकून म्हणाला, "गेल्या ऑक्टोबरात कारा-सायच्या तोंडाशी आला होतास तो तूच ना? मी वरून बघितलं. माझा घोडा बांधलेला तुला दिसला आणि तू वळून गेलास." दाजींनी मान हलवली. ज्या दरीत आधीच कुणाचा घोडा आहे तिथे दुसऱ्याने शिरायचं नाही, म्हणून ते नदीपर्यंत परत आले आणि दुसरी दरी होती ती धरली. किझिल-झारला ते आयुष्यात पहिल्यांदा जात होते.

मी त्यांना विचारलं, मग रंग? विटकरी का घेतला?

"माझ्या मापाचं तसलं तेवढं एकच होतं," दाजी म्हणाले. "युसुरला विचार."

नंतर बाजारात गेले तेव्हा मी विचारलं. एकच होतं.